न सांगितलेली तक्रार आणि एक वायू

वायू म्हटला की आपल्याला पोटातला गॅस आठवतो. परंतु रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातही एक वायू सतत तयार होत असतो. त्याचे नाव नायट्रिक ऑक्साइड. तो जेमतेम काही सेकंद टिकतो, पण तेवढ्यात शेजारच्या स्नायूला सैल होण्याचा निरोप देतो. स्नायू सैल पडला की रक्तवाहिनी रुंदावते. या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पुरुषांची सिल्डेनाफिल ही गोळी याच वायूचे काम लांबवते, हे पुष्कळांना ठाऊक असते. स्त्रीच्या शरीरातही हाच वायू काम करतो, हे मात्र कोणी सांगत नाही. मनात इच्छा आली की मज्जातंतूंमार्फत शिश्निकेत हा वायू सुटतो व तिथला रक्तपुरवठा वाढतो. योनीच्या भिंतीतही इतर रसायनांच्या जोडीने रक्त वाढते आणि त्यातून पाझर होऊन ओलावा येतो. हा ओलावा नसेल तर संबंध म्हणजे निव्वळ वेदना.

तळेगावात माझ्याकडे येणाऱ्या भगिनी कंबरदुखी सांगतात, अशक्तपणा सांगतात. उठता उठता, दाराकडे पाहत, हळूच म्हणतात, "डॉक्टरसाहेब, आग होते जी." घरी नवरा म्हणतो, हिचे मन नाही. ती म्हणते, वय झाले. खरे कारण बहुधा शरीरात असते. पाळी गेल्यावर, किंवा गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली असल्यास, इस्ट्रोजेन घटते. योनीचे अस्तर पातळ व कोरडे होते. मधुमेहात रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि मज्जातंतू बिघडतात, हा वायू कमी पडतो. शिवाय बुरशीची खाज वारंवार होते. तंबाखूनेही रक्तवाहिन्यांचे नुकसानच होते, मग ती खर्ऱ्यातली असो की गुडाखूतली.

ही चुप्पी जुनी आहे. डॉ. राणी व अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग वा लैंगिक आजार होता. पूर्वी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के!

मग करावे काय? प्रथम रक्तातील साखर तपासावी. कोरडेपणासाठी औषध दुकानात पाण्यात विरघळणारे वंगण मिळते. इस्ट्रोजेनचे मलमही गुणकारी आहे, मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच लावावे. स्तनाचा कर्करोग झालेला असल्यास आधी सांगावे. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले तर एक दिवसही न दवडता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहे.

नवऱ्याची गोळी बायकोला देऊ नये. स्त्रियांवरील चाचण्यांत तिचा खात्रीचा उपयोग दिसला नाही, म्हणून कंपनीनेच २००४ साली तो नाद सोडला. छातीत दुखते म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने तर, पुरुष असो वा स्त्री, ती घेऊच नये. दोन्हींचा परिणाम एकाच वाटेने होतो, रक्तदाब एकदम कोसळतो व जीवही जाऊ शकतो.

आणि पुरुष वाचकांनो, पत्नी "दुखते" म्हणाली, तर ते खरे माना. पुढच्या खेपेस तिच्यासोबत दवाखान्यात या.