रॅपची ओळ ठेक्यात बसते कशी?

रॅप ऐकताना ओळ संपण्याआधीच शेवटच्या शब्दाचा अंदाज येतो, आणि तो नेमका ठेक्यावर पडला की मान आपोआप डोलते. मेंदू सतत पुढचा आवाज ताडत असतो. तो कधी येणार हे ठेका सांगतो, कसा असेल हे यमक सुचवतं. म्हणून स्वतःचं रॅप लिहिताना अक्षरांआधी वेळ मोजावा. मिनिटाला 90 ठोके असतील, तर चार ठोक्यांची ओळ सुमारे 2.7 सेकंदांत संपते. तेवढ्यात आठ अक्षरंही बसतात, सोळाही. लोकलच्या डब्यासारखी जागा तीच, दाटी वेगळी. महत्त्वाचे शब्द मात्र ठोक्यावर यावेत.

यमकामुळे विचार आखडतो, असा आक्षेप असतो. पण ‘मोठा अभंग’ या छंदातही चार चरणांत 6, 6, 6, 4 अक्षरांचं आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांतल्या यमकाचं बंधन आहेच. बंधन पहिला सुचलेला शब्द बाजूला ठेवायला लावतं, आणि शोधताना नवी कल्पना सापडते. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने ‘जातो-येतो’ सहज जुळतं, पण ते आधीच ओळखता येतं, म्हणून फिकं वाटतं. त्याऐवजी ‘कामावर’ला ‘घामात घर’ असे स्वर जुळवले, की अंदाज अर्धा खरा ठरतो, अर्धा चुकतो. ऐकणाऱ्याला खिळवून ठेवतं ते हेच.