मधमाश्यांची ढुशी

झाडाच्या फांदीवर मधमाश्यांचा घोस लटकतो आणि दोन-तीन दिवसांत उडूनही जातो. ही घर शोधायला निघालेली वसाहत असते.

काहीशे शोधक माश्या आसपासच्या ढोल्या पाहून येतात आणि घोसावर नाचून आपल्या ढोलीची शिफारस करतात. ढोली जितकी चांगली, तितका नाच लांबतो. पाहणाऱ्या माश्या स्वतः जाऊन खात्री करतात, मग त्याही नाचतात.

पण दोन ढोल्या तोडीस तोड असल्या तर? थॉमस सीली आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये युरोपीय मधमाश्यांत दाखवलं, की एका ढोलीच्या समर्थक माश्या दुसरीसाठी नाचणारीला डोक्याने ढुशी देतात, बारीक आवाज काढत. ढुश्या साचल्या की तिचा नाच थांबतो. मला हे विलक्षण वाटतं: हा विरोध नसता तर बरोबरी सुटणं अवघड होतं.

एका ढोलीपाशी पुरेशा माश्या जमल्या की घोस उडतो.