वकील नावापुरता नको

शिक्षा झालेल्या गरीब बंद्याच्या दृष्टीने अपील ही न्यायाची अखेरची आशा असते. परंतु त्याची बाजू नीट मांडलीच गेली नाही, तर अपिलाच्या हक्काला अर्थ उरत नाही.

१९७८ साली हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, बंद्यास निकालपत्राची प्रत विनामूल्य व वेळेवर मिळावी आणि ऐपत नसल्यास अपिलासाठी वकीलही मिळावा. वकील गैरहजर राहिला एवढ्याच कारणावरून फौजदारी अपील फेटाळता येत नाही. अशा वेळी न्यायालयाला सरकारी खर्चाने वकील नेमता येतो, हे १९९६ मध्ये बनी सिंग प्रकरणात स्पष्ट झाले.

२०१९ मध्ये न्यायालय आणखी पुढे गेले. मध्य प्रदेशातील एका खटल्यात वकिलाची नेमणूक झाली त्याच दिवशी आरोप निश्चित करण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. जन्मठेप वा फाशी संभवते अशा खटल्यात नेमलेल्या वकिलास किमान दहा वर्षांचा अनुभव असावा व तयारीसाठी साधारणतः किमान सात दिवस मिळावेत, असे ठरवून दिले.

मात्र निकाल विरुद्ध गेला, एवढ्यावरून वकिलास दोष देणे पुरेसे नाही. त्याच्या उणिवेमुळे न्यायाची हानी कशी झाली, हे दाखवावे लागते.

कोठडीतील व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य विधिसेवा मिळते. गावातील अशा कुटुंबास तालुका विधिसेवा समितीची वाट दाखविणे, हे पंचायत सदस्य व शिक्षक यांना सहज करता येण्याजोगे काम आहे.