ऑनर्स थिसिस: अर्जाच्या आधी काय घडतं?

अमेरिकेत मानसशास्त्र शिकणारी मुलगी तिसऱ्या वर्षी घरी सांगते, 'मी ऑनर्स थिसिससाठी अर्ज करतेय.' नाशिक-साताऱ्यातल्या आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'किती टक्के लागतात?' 'मानसशास्त्र स्पेशल' घेऊन बी.ए. होणाऱ्यांच्या पिढीला दुसरा प्रश्न सुचणार तरी कसा? सन्मान म्हटला की गुण आलेच. इथूनच गैरसमजांना सुरुवात होते.

गुणांची अट असते, हे खरं. बहुतेक विभागांत ४ पैकी साधारण ३.३ ते ३.५ जीपीए मागतात. काही ठिकाणी मानसशास्त्राच्या विषयांचा जीपीए वेगळा पाहतात. संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्राचे पेपर आधी झालेले असावे लागतात. पण एवढ्याने फक्त अर्ज करता येतो. ३.९ जीपीए असलेल्या विद्यार्थिनीला मार्गदर्शक मिळाला नाही, तर तिचा अर्ज पुढे सरकत नाही.

त्यात नावांचा घोळ. पदवीवर 'कम लाउडे', 'मॅग्ना', 'सुमा' असे लॅटिन शेरे येतात. ते पुष्कळ विद्यापीठांत निव्वळ जीपीएवर मिळतात. 'ऑनर्स कॉलेज'चा प्रवेश बहुधा बारावीनंतरच ठरतो. 'साय काय' ही १९२९मध्ये स्थापन झालेली मानसशास्त्राची सन्मानसंस्था. तिचं सदस्यत्व म्हणजे थिसिस नव्हे. विभागाचा ऑनर्स थिसिस या सगळ्यांपासून वेगळा: शेवटच्या वर्षाची दोन सत्रं, एक मार्गदर्शक, एक प्रश्न आणि त्यावर लिहिलेला प्रबंध. सगळीकडे तो ऐच्छिक असतो असंही नाही. प्रिन्स्टनमध्ये बी.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला आणि ओरेगनमधल्या रीड कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या सगळ्यांनाच थिसिस लिहावा लागतो.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज वेळेचा आहे. अर्ज तिसऱ्या वर्षाच्या वसंत सत्रात भरायचा, म्हणून तयारीही तेव्हाच सुरू करायची, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ज्यांचे अर्ज सहज मंजूर होतात, ते दुसऱ्या वर्षापासून कुठल्यातरी लॅबमध्ये रिसर्च असिस्टंट म्हणून राबत असतात. काम चकचकीत नसतं. प्रयोगाला येणाऱ्यांच्या वेळा लावायच्या, संमतिपत्रांवर सह्या घ्यायच्या, लहान मुलांच्या खेळण्याचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहून 'मुलाने आईकडे पाहिलं की खेळण्याकडे' याची सेकंदागणिक नोंद करायची. क्रेडिट मिळतात, क्वचित तासावर पैसे. या काळात प्राध्यापकांना कळतं, की ही मुलगी वेळेवर येते, शंका विचारते, चुकीची नोंद लपवत नाही. अर्जाच्या फॉर्मवर दोन-तीन पानी आराखडा आणि मार्गदर्शकाची सही लागते. ती सही या महिन्यांच्या ओळखीतून येते.

लॅबमध्ये शिरायचं कसं? ईमेलने. 'सर, मला मानसशास्त्राची खूप आवड आहे, मी मेहनती आहे' अशी मेल वीस प्राध्यापकांना एकाच वेळी गेली, की तिचं उत्तर सहसा येत नाही. उत्तर येतं ते साधारण अशा मेलला: 'झोप आणि स्मरणशक्तीवरचा तुमचा गेल्या वर्षीचा लेख वाचला. दुसऱ्या प्रयोगात डुलकीची वेळ दुपारचीच का ठेवली, हे समजलं नाही. संख्याशास्त्राचा पेपर झाला आहे, आठवड्याला आठ तास देऊ शकेन.' चार ओळी पुरतात. तरीही नकार आला, तर तो अपमान नसतो. प्राध्यापक पुढचं वर्ष सुट्टीवर असतात किंवा त्यांच्याकडे आधीच विद्यार्थी भरलेले असतात.

'विषय जगावेगळा हवा' हा समज आणखी घट्ट. 'सोशल मीडियाचा तरुणांच्या मानसिक आरोग्यावर परिणाम' असा आराखडा घेऊन दरवर्षी कोणी ना कोणी येतंच. दोन सत्रांत तो होत नाही. 'झोपण्याआधी अर्धा तास फोन दूर ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांची झोप आठवडाभरात बदलते का' एवढा तो आकसला, की कामाला लागता येतं. मग हिशेब येतो माणसांचा. दोन गटांत मध्यम आकाराचा फरक असेल आणि तो सापडण्याची शक्यता ८० टक्के हवी असेल, तर रूढ निकषांनुसार प्रत्येक गटात ६४ जण लागतात. फरक लहान असेल, तर जवळजवळ ४००. मार्गदर्शक विषयाला कात्री लावतात त्यामागे बहुतेक वेळा हेच गणित असतं.

शिवाय नवा विदा गोळा करावाच लागतो, असंही नाही. शिकागोची 'जनरल सोशल सर्व्हे' १९७२पासून चालू आहे, तिची माहिती खुली आहे. आधीचा प्रयोग पुन्हा करून पाहणंही आता कमी दर्जाचं मानत नाहीत. त्याला कारण आहे. २०१५मध्ये 'सायन्स' नियतकालिकात ब्रायन नोसेक आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा अहवाल आला. संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत होते. पुनरावृत्तीत ते ३६ टक्क्यांतच आले. मानसशास्त्राला त्या धक्क्याची गरजच होती.

यातूनच पुढचा गैरसमज सुटतो: 'फरक दिसला नाही, म्हणजे थिसिस नापास.' परीक्षक पाहतात प्रश्न, आखणी, विश्लेषण आणि लिखाण. काय तपासणार हे आधीच नोंदवून ठेवलं असेल, तर 'काही सापडलं नाही' हेही उत्तरच असतं. आकडे ओढूनताणून 'काहीतरी' काढणारा प्रबंध मात्र तोंडी परीक्षेत उघडा पडतो.

नैतिक मंजुरीला 'एक फॉर्म' समजणारे हमखास अडकतात. अलाबामातल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांवर उपचार न करता त्यांचं नुसतं निरीक्षण केलं गेलं. ते उघड झाल्यावर १९७४चा कायदा आला, १९७९चा बेलमॉंट अहवाल आला आणि विद्यापीठांतल्या परीक्षण मंडळांचा अधिकार पक्का झाला. 'नुसती गूगल फॉर्मची प्रश्नावली आहे' ही सबब चालत नाही. साध्या प्रश्नावलीला पूर्ण छाननीतून सूट मिळू शकते, पण सूट आहे की नाही हे मंडळ ठरवतं, विद्यार्थी नाही. मंजुरीत काही आठवडे जातात. आधी जमवलेली उत्तरं मागाहून कायदेशीर करून घेता येत नाहीत.

पदवीच्या मुलांचं संशोधन म्हणजे लुटुपुटूचं, असं मानणाऱ्यांना गोरिलाची आठवण करून द्यावी. चेंडूचे पास मोजणाऱ्या निम्म्या प्रेक्षकांना मधून चालत गेलेला गोरिला दिसत नाही, हा १९९९मध्ये प्रसिद्ध झालेला डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांचा प्रयोग हार्वर्डमध्ये शिकवताना, वर्गातल्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन झाला होता.

राहिली पीएच.डी.ची भीती. थिसिस नसेल तर दारं बंद होत नाहीत. प्रवेश समित्या संशोधनाचा अनुभव पाहतात. पदवीनंतर एक-दोन वर्षं लॅब सांभाळून पुढे जाणारेही पुष्कळ असतात.

हा सगळा विषय महाराष्ट्रापासून आता लांब राहिलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं. त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवं धोरण २०२४-२५ला सुरू झालं, म्हणजे तिथली पहिली तुकडी २०२७-२८मध्ये चौथ्या वर्षात असेल. त्या तुकडीने ७५ टक्क्यांचा हिशेब जरूर करावा. पण त्याआधी आपल्या विभागातले प्राध्यापक कशावर संशोधन करतात याची चौकशी करावी, आणि त्यांचा एक तरी शोधनिबंध वाचून त्यांना भेटायला जावं.