बार्शी लाइट : रुळांबरोबर कसबही जपायला हवे

जेऊरहून सोलापूरच्या दिशेने सुटलेली गाडी भाळवणी, केम, ढवळस करत कुर्डुवाडीला येते. हा मोठ्या रुळांचा मार्ग जीआयपी कंपनीने 1859 मध्ये इथवर आणला, तेव्हा या स्टेशनचे नाव होते बार्शी रोड. बार्शीची बाजारपेठ मात्र तिथून एकवीस मैल आत होती. कापूस आणि गळिताचे धान्य बैलगाडीनेच स्टेशन गाठत असे. हे अंतर 1897 मध्ये एका छोट्या गाडीने तोडले. ती बार्शी लाइट रेल्वे.

तिचा कर्ता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर. जीआयपीच्या नोकरीत त्याने हा मुलूख पाहिला होता. हलके रूळ म्हणजे लहान इंजिन, लहान वाघिणी आणि तुटपुंजे उत्पन्न, असा त्या काळचा समज होता. कॅल्थ्रॉपने प्रश्नच वेगळा मांडला. रूळ गाडीचे एकूण वजन सोसत नाही, तो एकेका आसाचा भार सोसतो. म्हणून इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही, हे त्याने ठरवून टाकले. इंजिन जड हवे असेल तर आस वाढवायचे. लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेल्या पहिल्या इंजिनांना म्हणूनच आठ जोडचाके होती, आणि त्यामागे कोळसा-पाण्याचा भार पेलणारी आणखी चार. वाघिणींना दोन-दोन बोगी, म्हणजे चार आस. रूळ होता वारी तीस पौंडांचा, म्हणजे मीटरला जेमतेम पंधरा किलो. आज आपल्या मुख्य मार्गांवर मीटरला साठ किलोचा रूळ असतो. अडीच फूट रुंदीच्या वाटेवरून मालाचे खरे ओझे वाहता येते, हे या रेल्वेने सिद्ध केले.

मार्ग टप्प्याटप्प्याने वाढला. 1906 मध्ये पंढरपूर, 1911 मध्ये लातूर, 1927 मध्ये मिरज. एकूण लांबी सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात गेली. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी गाड्या भरून जात.

1 जानेवारी 1954 रोजी सरकारने ही रेल्वे कंपनीकडून ताब्यात घेतली. कंपनीने कामगारांना नोटिसा दिल्या होत्या, बहुतेकांना सरकारने पुन्हा कामावर घेतले. मग कपातीची भरपाई द्यायची की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मालकाने धंदाच बंद केला किंवा दुसऱ्याकडे सोपवला तर ती कायद्यातली कपात ठरत नाही, असा निकाल 1956 च्या नोव्हेंबरमध्ये लागला. त्यानंतर 1957 मध्ये संसदेने औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती करून अशा प्रसंगीही भरपाईची तरतूद केली. कामगार कायदा शिकणाऱ्याला बार्शी लाइटचे नाव आजही वाचावे लागते. या रेल्वेचा वारसा सांगताना हा भाग गाळून चालणार नाही.

पुढे मार्ग ब्रॉडगेज झाला. कुर्डुवाडी-लातूर 2008 पर्यंत आणि पंढरपूर-मिरज त्यानंतर दोन-तीन वर्षांत. वाटेत बाजूला राहिलेले धाराशिव शहर नव्या आखणीने रेल्वेला जोडले गेले. हे योग्यच झाले. लातूरच्या माणसाला थेट मुंबईची गाडी हवी होती, आणि तिच्या आड कोणाचा जुन्याचा जिव्हाळा येऊ नये.

पण त्यानंतर जपण्याच्या नावाखाली आपण बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट करतो. इंजिन चौथऱ्यावर ठेवतो आणि वर्षा-दोन वर्षांनी रंगवतो. चौथऱ्यावरच्या इंजिनाचा बॉयलर पुन्हा पेटत नाही, आणि त्याचे वाल्व्ह कसे बसवायचे हे सांगणारा फिटर निवृत्त झाला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. माथेरानची गाडी याच्या उलट उदाहरण आहे. 1907 पासूनची ही वाट 2019 च्या पावसाने उखडली आणि ऑक्टोबर 2022 मध्ये नेरळहून गाडी पुन्हा वर चढली. गाडी चालती होती, म्हणून तिची दुरुस्ती करणारे हातही शाबूत होते. त्या गाडीच्या डब्यांची मोठी दुरुस्ती करणारा कारखाना आपल्या कुर्डुवाडीचाच आहे. छोट्या गाडीचे कसब या तालुक्यांत अजून जिवंत आहे, त्याला फक्त घरचा रूळ उरलेला नाही.

वेल्समधली वेल्शपूल-लॅनफेअर रेल्वे बार्शी लाइटच्याच मापाची, अडीच फुटी. 1956 मध्ये ती बंद पडली. स्वयंसेवकांनी 1963 मध्ये तिचा एक तुकडा सुरू केला, हळूहळू मार्ग वाढवत 1981 मध्ये वेल्शपूलची वेस गाठली. ऑस्ट्रियातून आणि सिएरा लिओनमधून त्याच मापाचे डबे आणले. गावातून जाणारा जुना रूळ मात्र आधीच काढला गेला होता, तो भाग कायमचा गेला. कॅल्थ्रॉपनेच आखलेली इंग्लंडमधली मॅनिफोल्ड खोऱ्याची रेल्वे 1934 मध्ये बंद झाली. तिच्या जागी आज चालण्याची वाट आहे. यातून शिकायचे ते एवढेच, की गाडी उशिरा आली तरी चालते, जमीन मात्र वेळेवर राखावी लागते.

म्हणून आपल्याकडे सुरुवात लहान हवी. कुर्डुवाडीच्या कारखान्यालगत रेल्वेच्याच जागेत छोटा चालता मार्ग टाकावा. महाराष्ट्रात शकुंतला आणि पाचोरा-जामनेर या वाटाही याच अडीच फुटी मापाच्या. तिथले सुटे भाग भंगारात जाण्याआधी मागून घ्यावेत. आयटीआयच्या मुलांना जुन्या फिटरांच्या हाताखाली बसवावे. धाराशिवकडे आखणी बदलली तिथल्या जुन्या भरावाची आणि मोऱ्यांची मोजणी करून ती जागा वारसा म्हणून राखीव ठेवावी. मार्ग पुढे वाढवायचा की नाही, ते पहिला तुकडा स्वतःच्या उत्पन्नावर चालू लागल्यावर ठरवता येईल. बार्शी लाइटही एकवीस मैलांनीच सुरू झाली होती. मिरजेला पोहोचायला तिला तीस वर्षे लागली, आणि तिचा प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याच्या बळावर उभा राहिला.