चिमणराव घरी आले

मराठीच्या प्राध्यापिकेच्या घरात पुस्तकांना तोटा नसतो. तोटा असतो तो वाचणाऱ्यांचा. आमच्या डोंबिवलीच्या घरात पुस्तकांची तीन कपाटे आहेत. त्यांवरची धूळ मीच झटकते आणि उघडतेही मीच. एरवी घरातली मंडळी त्या कपाटांचा उपयोग मोबाईल चार्जिंगला ठेवण्याकरिता करतात.

हे मला खटकत नव्हते असे नाही. पण त्याची खरी बोच लागली ती गेल्या वर्षी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आमच्या कॉलेजात समारंभ झाला, पेढे वाटले गेले आणि मराठी विभागातर्फे मी भाषणही ठोकले. टाळ्या बऱ्यापैकी पडल्या. त्या धुंदीत घरी आले, तर नऊ वर्षांचे चिरंजीव टेबलावरचे वर्तमानपत्र पुढे ओढून मथळा लावीत बसले होते.

"आई, 'अभी जात' म्हणजे काय गं? आत्ता जाते आहे?"

आमचे 'हे' खो खो हसले. मीही हसले, पण घशात अडकलेला पेढा काही खाली उतरेना. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीचे झाले आहे, त्यामुळे इंग्रजी माध्यमात असूनही आमचा मुलगा पहिलीपासून मराठी शिकतो. गुणही बरे मिळवतो. प्रश्नोत्तरे पाठ असतात ना! बोलायला लागला तर थांबत नाही. मात्र छापलेले मराठी पान समोर आले की जेवणात कारले आल्यासारखा चेहरा करतो. इंग्रजी शाळेत त्याला मी घातले आणि वर्गात मातृभाषेतून शिक्षणावर व्याख्याने देणारीही मीच. तक्रार करायची कोणाकडे?

आमच्या घरची संध्याकाळ तुमच्या घरच्यासारखीच असते, वाचकहो. थोरली कानात बोंडे घालून कोरियन मालिका पाहते, धाकटा मोबाईलवर क्रिकेट खेळतो, 'हे' बातम्या पाहतात आणि मी उत्तरपत्रिका तपासते. सासूबाई तेवढ्या दिवाणखान्यातल्या टीव्हीसमोर असतात. पण त्या टीव्ही पाहत नाहीत, ऐकतात. चार वर्षांपूर्वी डोळ्यांचा पडदा बिघडला. आता कडेचे थोडेफार दिसते. जिथे नजर लावावी तिथे नेमका काळा डाग. दर दिवाळीला पाचसहा अंकांचा फडशा पाडणारी ही बाई! "वेळ मिळाला की वाचून दाखव हं," असे त्या मला म्हणत, आणि मला वेळ मिळत नसे. पुढे पुढे त्यांनी म्हणायचेच सोडून दिले.

या मे महिन्यात, एका रविवारी, वीज बेताची आणि नेट पूर्णच बंद असा योग आला. 'ह्यांनी' जुन्या पेन ड्राइव्हवरचा २०१७ सालचा 'फास्टर फेणे' हा चित्रपट लावला. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे म्हणजे 'ह्यांच्या' लहानपणचा जिवलग. १९८७ साली दूरदर्शनवर त्याची मालिका लागायची, त्यात सुमीत राघवन फेणे झाला होता, ही हकीकत आम्ही हजारदा ऐकली आहे. नाइलाज म्हणून का होईना, पाचही जण एका खोलीत बसलो.

चित्रपटात भागवतांचेच पात्र आहे. ते दोन वाक्ये बोलले मात्र, सासूबाई एकदम ताठ बसल्या.

"अगं, हा तर आपला चिमणराव!"

पडद्यावर दिलीप प्रभावळकर होते. सासूबाईंनी चेहरा पाहिलाच नव्हता, आवाजावरून ओळखले. मग चित्रपट राहिला बाजूला. १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. पुढे त्याच दशकाच्या अखेरीस 'चिमणराव-गुंड्याभाऊ' लागू लागले. प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. गिरगावातल्या त्यांच्या चाळीत टीव्ही एकाच घरी. त्या घरात पोरे जमिनीवर, बायका दारात, पुरुष गॅलरीत. "कुणाची भाजी करपली तरी कुणी उठत नसे," सासूबाई म्हणाल्या.

"पण चिमणराव कोण?" धाकट्याने विचारले.

मी उठले आणि मधल्या कपाटातून 'चिमणरावाचे चऱ्हाट' काढले. बडोद्यास पालीचे प्राध्यापक असलेल्या चिं. वि. जोशींनी हे चिमणराव निर्माण केले. जोशी १९६३ साली गेले, पण चिमणराव काही जायला तयार नाहीत. मी दोन पाने वाचली, तोच विद्यापीठातून फोन आला. परत येऊन पाहते तो पुस्तक धाकट्याच्या मांडीवर! आजीने त्याला कामाला लावले होते.

"चर्हाट," तो म्हणाला.

"चऱ्हाट," आजी म्हणाली. "दोरी रे. आणि लांबत जाणाऱ्या गोष्टीलाही म्हणतात."

त्या दिवसापासून जेवणानंतर अर्धा तास हे चऱ्हाट चालले आहे. तो अडखळतो, आजी आठवणीवर पुढचा शब्द पुरवते. टांगा, बंब, उपरणे एकेकाचा खुलासा होतो. एकदा 'र'वरून वाद झाला. रफार कुठे आणि हा आडवा चंद्रकोरीसारखा 'र' कुठे? मी कागदावर दोन शब्द लिहिले: 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना'. पहिले शिकवणारे, दुसरे स्वयंपाक करणारे. "म्हणजे पहिल्यांना दक्षिणा आणि दुसऱ्यांना मजुरी!" तो म्हणाला. वीस वर्षांच्या नोकरीत इतक्या खुशीने हा नियम कोणी शिकल्याचे मला आठवत नाही.

टीव्हीला मी पुष्कळ शिव्या दिल्या आहेत, त्या आता परत घेते. सासूबाईंच्या चाळीत टीव्हीच होता, आणि चिमणरावही त्यातूनच आले. पण तो एक होता आणि पाहणारे चाळीस. हसू आले तर शेजारच्याकडे पाहून हसता येई. आमच्याकडे पडदे पाच आणि माणसेही पाचच.

घरात क्रांती झाली असे समजू नका. थोरली अजून कोरियन मालिकाच पाहते. फक्त एक बोंडे काढून ठेवते, आणि गुंड्याभाऊ आला की दुसरेही काढते. धाकट्याचे क्रिकेट चालूच आहे. पण परवा मी उशिरा आले, तेव्हा तो पुस्तक मिटत होता. चारच पाने उरली होती.

"संपवून टाक की," मी म्हटले.

"नको. आजी म्हणाली, उद्याला ठेवू."

हा अंक घरी आला की त्यातला हा लेख तोच आजीला वाचून दाखवणार, हे ठरलेले आहे. म्हणून जोडाक्षरे शक्य तितकी जपून वापरली आहेत. 'आचाऱ्यांना' मात्र मुद्दाम ठेवला आहे.