समुद्राचा हिशेब
(लेखमाला : पदवीनंतरच्या वाटा, लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात आपण वनव्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणाची ओळख करून घेतली. या वेळचा विषय सागरी संपदा व्यवस्थापन. छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला तो परका वाटेल, कारण समुद्र इथून रस्त्याने तीनशे किलोमीटरहून लांब आहे. पण या शाखेच्या मुळाशी असलेला प्रश्न मराठवाड्याने पुरेपूर सोसला आहे. सगळ्यांच्या हक्काची आणि मोजकीच असलेली गोष्ट वाटायची कशी? जायकवाडीबाबत जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने 2014 मध्ये आदेश दिला. 15 ऑक्टोबरला धरणाचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. त्यावरून भांडणं होतात, पण जायकवाडीच्या नाथसागरात पाणी किती, हे तरी रोज कळतं. समुद्रात पापलेट किती उरलं, हे कोण सांगणार?

ते सांगण्याचं शास्त्र हाच या अभ्यासक्रमाचा गाभा. पाण्यातला मासा मोजता येत नाही, म्हणून तो धक्क्यावर मोजतात. ससून डॉक, भाऊचा धक्का, सातपाटी अशा बंदरांवर आलेल्या बोटींतून नमुना निवडायचा. कोणती मासळी, किती वजनाची, कोणत्या जाळ्यात आली आणि जाळं किती तास पाण्यात होतं, हे नोंदवायचं. यातला शेवटचा आकडा फार मोलाचा. तेवढीच मासळी आणायला पूर्वीपेक्षा दुप्पट तास लागत असतील, तर बाजारात माल भरपूर दिसला तरी समुद्रातला साठा घटत असतो.

दुसरं काम माशाचं वय काढण्याचं. थंड प्रदेशांत माशाच्या कानातल्या चुनखडीच्या खड्यावर वर्षावर्षाची वर्तुळं उमटतात. आपल्या उबदार पाण्यात ती तितकी स्पष्ट नसतात. मग महिन्यामागून महिने हजारो माशांची लांबी मोजायची आणि एकाच वेळी जन्मलेल्यांचा गट पुढे कसा सरकतो, ते आलेखावर पाहायचं. त्यावरून वाढीचा वेग निघतो, मग मृत्यूचं प्रमाण, आणि त्यातले किती आपोआप मेले, किती जाळ्याने मेले याचा अंदाज. एका साध्या मोजपट्टीने समुद्राच्या पोटातलं एवढं कळावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

याच हिशेबातून कायदे येतात. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राने 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याच वर्षी राज्यमासा ठरलेल्या पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर आहे. त्याहून लहान पिल्लू धरायचं नाही, म्हणजे माशाला वाढायला आणि अंडी घालायला अवसर मिळतो.

कागदावर हे पटतं. पण डोळ नावाची जाळी एका जागी बांधलेली असते, भरती-ओहोटीच्या ओढीने जे येईल ते तिच्यात शिरतं. बोंबील आणि जवळ्यासाठी तिचं टोक बारीक आसाचं ठेवावं लागतं, आणि त्यात पापलेटची पिल्लंही अडकतात. जाळं वर येईपर्यंत ती बहुतेक मेलेली असतात. बोटीच्या तांडेलाने काय करावं? म्हणूनच या अभ्यासात अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि कायदा येतो. 12 सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत, पुढे 200 मैलांपर्यंत केंद्राच्या. कोळ्यांशी न बोलता नियम करणारा अधिकारी अर्धाच शिकलेला असतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या शहरातूनही या विषयाला हात लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात डीएनए बारकोडिंगचं पॉल हेबर्ट केंद्र आहे. पेशीतल्या एका ठरावीक जनुकाच्या सुमारे 650 अक्षरांवरून जात ओळखण्याची ही पद्धत हेबर्ट यांनी 2003 मध्ये मांडली. डोकं-शेपटी काढलेला तुकडा किंवा नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू नजरेने ओळखता येत नाही, तिथे ती उपयोगी पडते. त्यासाठी प्रयोगशाळा किनाऱ्यावरच असावी लागत नाही.

आता प्रवेशाचं. वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था 1961 ची, 1989 पासून अभिमत विद्यापीठ. मत्स्यसंपदा व्यवस्थापनात एम.एफ.एस्सी. आणि पीएच.डी. तिथे करता येते. मात्र एम.एफ.एस्सी.साठी सहसा चार वर्षांची बी.एफ.एस्सी. लागते, आणि प्राणिशास्त्राच्या पदवीधरांना हे फार उशिरा कळतं. बी.एफ.एस्सी.ची महाविद्यालयं रत्नागिरीजवळ शिरगावला, नागपूरला आणि आपल्या मराठवाड्यात उदगीरला आहेत, म्हणजे हा निर्णय बारावीनंतरच घ्यायचा. बी.एस्सी. झालेल्यांनी गोवा विद्यापीठ किंवा कोचीनच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठातले सागरी विज्ञानाचे एम.एस्सी. अभ्यासक्रम पाहावेत. संशोधनासाठी दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. कुठेही जा, आधी सांख्यिकी पक्की करा. जीवशास्त्राच्या ओढीने आलेली मुलं पहिल्या सत्रात अडतात ती तिथेच.